चालू खाते दुसऱ्या बँकेत नेताना जुने खाते केव्हा बंद करावे?

तुमचा प्रश्न मी असा समजते: कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तुमचे यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचे एकल मालकीचे वर्कशॉप आहे, सध्याच्या बँकेचे शुल्क आणि शाखेतला अनुभव या दोन्हींना कंटाळून चालू खाते दुसऱ्या बँकेत न्यायचे आहे, आणि नवी बँक आठवड्यात खाते सुरू करून देते म्हणत असल्याने जुने खाते लगेच बंद करावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी सांगलीत व्यापाऱ्यांचे आणि लघुउद्योजकांचे हिशेब व कराची विवरणपत्रे पाहते. माझे उत्तर स्पष्ट आहे. नवे खाते अवश्य उघडा, पण जुने खाते त्यानंतर किमान चार महिने चालू ठेवा आणि त्यात थोडी शिल्लकही राहू द्या.

आपल्या भागातल्या अनेकांच्या मनात खातेबदलाचे एक जुने चित्र आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत गेली आणि १९१६ पासूनची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा ठेवी, कर्जे आणि खाती कायद्यानेच पुढच्या बँकेकडे वर्ग झाली. तुम्ही स्वतःहून बँक बदलता तेव्हा मात्र काहीही आपोआप पुढे जात नाही, शिल्लक रक्कमही सांगून वर्ग करून घ्यावी लागते. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय खाते क्रमांकासाठी आपल्याकडे नाही. त्यामुळे जुना क्रमांक कोणाकोणाकडे नोंदलेला आहे हे शोधणे हेच या कामातले खरे काम आहे, आणि ते नवी बँक तुमच्यासाठी करून देणार नाही.

त्यासाठी जुन्या खात्याचा मागच्या पूर्ण वर्षाचा खातेउतारा काढून घ्या आणि जमा व नावे या दोन्ही बाजू ओळ न ओळ वाचा. तीन महिन्यांचा उतारा पुरत नाही, कारण विम्याचा वार्षिक हप्ता, एमआयडीसीची देणी, सॉफ्टवेअरचे नूतनीकरण अशा गोष्टी वर्षातून एकदाच येतात. यंत्राच्या किंवा वाहनाच्या कर्जाचा हप्ता जात असेल, तर त्याची नाच (NACH) संमती, म्हणजे हप्ता खात्यातून परस्पर वळता करण्याची तुम्ही दिलेली परवानगी, जुन्या खात्याशी बांधलेली असते. वित्तसंस्थेकडे नव्या खात्याची संमती नोंदवून तिच्यावरून पहिला हप्ता प्रत्यक्ष गेल्याचे दिसेपर्यंत जुन्या खात्यात हप्त्याएवढी रक्कम ठेवावी लागते. हप्ता परत गेला तर दंड लागतोच, शिवाय पतअहवालावर उशिराची नोंद होते, आणि पुढच्या वेळी नवे यंत्र घेताना व्याजदर ठरवणारा अधिकारी तीच नोंद आधी पाहतो.

सर्वांत जास्त काळजी चेकची घ्या. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिने वैध असतो, आणि घेणारा तो लगेच भरेलच असे नाही. रिकाम्या वेळी बँकेत जाऊ म्हणून चेक घडी करून पासबुकात ठेवणारी माणसे मी नेहमी पाहते. त्याहून नाजूक विषय सिक्युरिटी चेकचा आहे. कास्टिंग पुरवणारी फाउंड्री, स्टीलचा व्यापारी, कधी जागेचा मालकसुद्धा सही केलेला, तारीख न टाकलेला चेक ठेवून घेतो आणि काही वर्षांनी देणाऱ्याला त्याची आठवणही राहत नाही. खाते बंद झाल्यावर असा चेक भरला गेला तर तो 'खाते बंद' असा शेरा घेऊन परत येतो, आणि हे प्रकरण केवळ तांत्रिक राहत नाही, कारण परक्राम्य संलेख अधिनियमाचे (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्याचे कलम, अशा चेकलाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केलेले आहे. देणे खरोखर बाकी असेल आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली गेली नाही, तर फौजदारी खटला उभा राहू शकतो. म्हणून चेकबुकाची स्थळप्रत घेऊन बसा, न वटलेल्या प्रत्येक चेकचा क्रमांक उताऱ्याशी ताडून पाहा, ज्यांच्याकडे सिक्युरिटी चेक आहेत त्यांना नव्या खात्याचा चेक देऊन जुना हातात परत घ्या, आणि तो मिळाल्याची दोन ओळींची नोंद त्यांच्या सहीने ठेवा. नवे खाते सुरू झाल्याच्या दिवसापासून जुन्या खात्याचा एकही नवा चेक लिहू नका. मी चार महिने म्हणते ते याच हिशेबाने: शेवटच्या चेकचे तीन महिने आणि त्यावर एक महिना.

दुसरा मोठा भाग तुमच्या ग्राहकांचा. मोठ्या कारखान्यांच्या लेखा विभागात पुरवठादाराचा खाते क्रमांक एकदा नोंदला की तो बदलायला वरची मंजुरी लागते आणि तीत पंधरवडा सहज जातो. शिवाय 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे या क्रमांकावर रक्कम पाठवा' अशाच मजकुराचे ईमेल फसवणूक करणारेही पाठवतात, म्हणून त्यांनी संशय घेतला तर राग मानू नका. फर्मच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र आणि नव्या खात्याचा रद्द केलेला चेक समक्ष नेऊन द्या, आणि आमच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करा असे पत्रातच लिहा. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव तपासून पाहण्याची सोय मिळू लागली आहे. तेव्हा नव्या बँकेत फर्मचे नाव जीएसटी नोंदणीप्रमाणे अक्षरशः जुळते आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहा. बिलाच्या तळाशी छापलेला बँक तपशील बदला, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला बिलाचा नमुना बदला, आणि छापील बिलबुके शिल्लक असतील तर त्यांवर नव्या तपशिलाचा रबरी शिक्का मारून घ्या. काउंटरवरचा क्यूआर कोडही काढून टाका, कारण तो जुन्या खात्याशी जोडलेला असतो आणि त्यावर आलेले पैसे निमूटपणे तिकडेच जमा होत राहतात.

सरकारी नोंदी तुलनेने सोप्या आहेत. जीएसटी नोंदणीत बँक खात्याची दुरुस्ती बिगर-मूलभूत (नॉन-कोअर) प्रकारात मोडते आणि तिला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. आयकराच्या संकेतस्थळावर नवे खाते पूर्वप्रमाणित (प्री-व्हॅलिडेट) करून, म्हणजे ते तुमचेच असल्याची पडताळणी करून, परताव्यासाठी निवडावे लागते. उद्यम या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीतही खाते बदला. मात्र नवी बँक निवडण्यापूर्वीच एक गोष्ट तपासा. जीएसटी, आयकर, भविष्यनिर्वाह निधी आणि कामगारांचा राज्य विमा (ईएसआय) यांचा भरणा त्या बँकेच्या नेटबँकिंगमधून थेट होतो का? काही सहकारी बँकांत तो होत नाही आणि जीएसटी व आयकराचे चलन काढून एनईएफटीने भरावे लागते. तेही चालते, पण शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी ते अवघड जाते. तुम्ही निर्यात करत असाल, तर आयात-निर्यात कोड आणि सीमाशुल्काकडील बँकेची नोंद बदलल्याशिवाय नव्या खात्यावर विसंबून माल पाठवू नका.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. एकल मालकीसाठी मालकाच्या ओळखपत्रांबरोबर फर्मच्या नावाचे दोन पुरावे सामान्यतः मागतात, आणि जीएसटी प्रमाणपत्र व उद्यम प्रमाणपत्र यांवर काम होते. खाते उघडतानाच वारसाचे नामनिर्देशन करा. चालू खात्याला ते लागत नाही असा समज आहे, पण एकल मालकीच्या खात्याला ते करता येते आणि करायलाच हवे. ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे, आणि तीत तुमचे वैयक्तिक बचत खाते व एकल मालकीच्या फर्मचे चालू खाते एकत्र धरले जाते, म्हणून दोन्ही एकाच बँकेत ठेवण्यापूर्वी विचार करा.

तुम्ही कर्जाचा उल्लेख केलेला नाही. सध्याच्या बँकेकडे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत वापरता येणारे कर्ज) किंवा ओव्हरड्राफ्ट असेल, तर मामला वेगळा होतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये अशा ग्राहकांना दुसऱ्या बँकेने चालू खाते देण्यावर बंधने आणली. लहान कर्जदारांसाठी ती नंतर सैल झाली, तरी नवी बँक तुमच्याकडून सर्व कर्जांची लेखी घोषणा घेईल आणि ती तुम्ही खरीच द्यावी. तेव्हा आधी जुन्या बँकेशी बोला, कारण सीसी तिथेच ठेवून उलाढाल दुसरीकडे वळवली तर नूतनीकरणाच्या वेळी मर्यादा कमी होण्याची शक्यता असते.

तारीख निवडताना महिन्याची २० तारीख जाऊ द्या. ७ तारखेला टीडीएस (इतरांना पैसे देताना कापलेला कर), ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा, २० तारखेला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र, असा महिना भरलेला असतो. त्यानंतर पगारापर्यंत जे आठ-दहा दिवस मिळतात त्यांत बदल सुरू करा. कामगारांची खाती मात्र आहेत तिथेच राहू द्या. नवी बँक सर्वांची पगार खाती आपल्याकडे आणण्याचा आग्रह धरेल, पण पगार कोणत्याही बँकेत पाठवता येतो, आणि ज्याचे घरकर्जाचे हप्ते एका खात्यातून जातात त्याला तुमच्या सोयीसाठी हलवणे योग्य नाही.

चार महिन्यांनंतर सलग एक महिना जुन्या खात्यात तुमच्याखेरीज कोणाचीही नोंद झाली नाही, तर ते बंद करा. त्याआधी सर्व वर्षांचे उतारे उतरवून घ्या, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात आणि खाते बंद होताच नेटबँकिंगही बंद होते. उरलेले कोरे चेक परत करा, त्यांचे क्रमांक अर्जात लिहा, शिल्लक नव्या खात्यात वर्ग करायला सांगा आणि खाते बंद केल्याचे पत्र शाखेच्या शिक्क्यासह मागून घ्या. तोंडी 'झाले' म्हटले तर ते पत्र मिळेपर्यंत शाखेतून उठू नका.