ब्राउझर संकेतस्थळांना एवढी मोकळीक का देतो, आणि ती आपल्याला कशी आवरता येईल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशात राहणारे आपले वडील रोज सकाळी मोबाईलवर मराठी बातम्या आणि निधनवार्ता वाचतात. काही दिवसांपासून त्यांच्या फोनवर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे’ अशी नोटिफिकेशन्स दिवसभर येत आहेत आणि अँटिव्हायरस टाकूनही ती थांबलेली नाहीत. ती बंद कशी करावीत आणि ब्राउझर अशा गोष्टींना मुळात वाव का देतो, असे आपण विचारले आहे. मी फोंड्यात लहान व्यावसायिकांसाठी आणि संस्थांसाठी संकेतस्थळे तयार करतो, म्हणजे ज्या बाजूने ही परवानगी मागितली जाते त्या बाजूला माझे काम चालते. त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही भागांना उत्तर देतो.

आधी फोनचे बघू. वडिलांच्या फोनमध्ये व्हायरस शिरला असण्याची शक्यता कमी आहे, हे त्यांना प्रथम सांगा, कारण या वयात माणूस अशा मजकुराने खरोखर घाबरतो. पुढचे नोटिफिकेशन आले की त्यावर बोट न लावता स्क्रीन वरून खाली ओढा आणि ते नीट वाचा. ठळक अक्षरांत व्हायरसचा इशारा असेल, लाल त्रिकोण असेल, कदाचित एखाद्या नामांकित कंपनीसारखे दिसणारे चिन्हही असेल. पण त्याच चौकटीत बारीक अक्षरांत क्रोम या ब्राउझरचे नाव आणि त्याला लागून एका संकेतस्थळाचा पत्ता दिसेल. इशारा देणारा तो पत्ता आहे, फोन नव्हे. क्रोम उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून सेटिंग्जमध्ये जा, तेथून साइट सेटिंग्ज आणि मग नोटिफिकेशन्स हा भाग उघडा. ज्या ज्या संकेतस्थळांना परवानगी मिळाली आहे त्यांची यादी तेथे असते. वडिलांना ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव तेथून ब्लॉक करा. त्यानंतर त्याच पानावरचा मुख्य खटका बंद केला, तर यापुढे कोणतेही नवे संकेतस्थळ हा प्रश्न विचारूच शकणार नाही. फायरफॉक्समध्येही अशीच सोय आहे. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात परवानग्यांखाली नवीन विनंत्या सरसकट अडवण्याची चौकट आहे. वडिलांनी त्या नोटिफिकेशनवरून कोठे पैसे भरले असतील किंवा ओटीपी दिला असेल, तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

अँटिव्हायरसला काही सापडले नाही याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बहुधा एखाद्या पानावर व्हिडिओ दिसण्यापूर्वी ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे लिहिलेले असावे आणि वडिलांनी ते दाबले असावे. त्या एका दाबण्याने संकेतस्थळाची एक छोटी स्क्रिप्ट ब्राउझरकडे नोंदली जाते आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत त्या संकेतस्थळाला आपल्या फोनपर्यंत निरोप पाठवता येतो. टॅब बंद असला, ते पान पुन्हा कधीच उघडले नाही, तरी निरोप येत राहतात. फोनच्या दृष्टीने येथे काहीही गैर घडलेले नसते; मालकाने दिलेल्या परवानगीचा तो केवळ अंमल करत असतो.

आता दुसरा भाग, ज्याविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. ही रडकथा नवी नाही. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी काम करताना ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. पुढे पॉप-अप जाहिरातींनी सगळ्यांना इतके हैराण केले की २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पॉप-अप आटोक्यात आले ते जाहिरातदारांना उपरती झाली म्हणून नव्हे. २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती पॉप-अप अडवण्याची सोय घेऊनच आली आणि त्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून इंटरनेट एक्स्प्लोररमध्येही ती आली. या सोयीमागचा नियम साधा होता: आपण एखाद्या दुव्यावर क्लिक केल्यामुळे खिडकी उघडत असेल तर उघडू द्यायची, पान आपल्या मनाने उघडू पाहत असेल तर अडवायची. माझ्या मते सगळे सार या नियमात आहे. माणसाची कृती आधी, संकेतस्थळाची मागणी नंतर.

पण दहाएक वर्षांनी नोटिफिकेशन आले तेव्हा हा धडा बाजूला राहिला. एप्रिल २०१५ मध्ये क्रोममध्ये, आणि मग इतर ब्राउझरांत, संकेतस्थळांना बंद टॅबमधूनही निरोप पाठवण्याची शक्ती मिळाली, आणि परवानगीचा प्रश्न पान उघडताक्षणी विचारण्याची मुभाही मिळाली. परिणाम काय झाला हे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने स्वतः मोजून प्रसिद्ध केले आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीपासूनच्या एका महिन्यात फायरफॉक्सने अशा सुमारे १४५ कोटी विनंत्या लोकांपुढे ठेवल्या, त्यांपैकी जेमतेम २ कोटी ३७ लाख मान्य झाल्या, आणि सुमारे ५० कोटी वेळा लोकांनी वेळ खर्चून ‘आता नको’ हे बटण दाबले. एका होकारामागे साठ नकार किंवा दुर्लक्षे! ज्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असते, तो प्रश्न प्रत्येकाला, प्रत्येक दारात विचारण्याचा हक्क संकेतस्थळांना कोणी दिला, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. जानेवारी २०२० च्या फायरफॉक्स ७२ पासून, वापरकर्त्याने पानावर काही केल्याशिवाय ही विनंती पुढे येत नाही. पत्त्याच्या पट्टीत फक्त एक लहान चिन्ह दिसते. पुढच्याच महिन्यात क्रोमच्या ८० व्या आवृत्तीत अधिक शांत विनंतीचा पर्याय आला. म्हणजे पॉप-अपच्या वेळी सापडलेला उपाय नोटिफिकेशनला लागू व्हायला जवळजवळ पाच वर्षे गेली, आणि तोवर आपल्या वडिलांसारख्या कित्येकांच्या फोनमध्ये नको त्या परवानग्या साठून बसल्या.

आपोआप वाजणाऱ्या व्हिडिओंचेही तेच झाले. सफारीने २०१७ मध्ये, क्रोमने २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली.

काही शक्ती तर अशा असतात की त्या वापरल्या जात आहेत याची आपल्याला गंधवार्ताही नसते, आणि त्या मला अधिक गंभीर वाटतात. फोनची बॅटरी किती उरली आहे आणि ती किती वेळात संपेल हे संकेतस्थळाला कळावे, अशी एक सोय ब्राउझरांत होती. हेतू चांगला सांगितला गेला: बॅटरी कमी असेल तर संकेतस्थळाने आपले काम हलके करावे. पण उरलेली बॅटरी आणि संपण्याचा अंदाज हे दोन आकडे एकत्र घेतले की थोडा वेळ का होईना तोच फोन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर ओळखता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिले. २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने ही सोय संकेतस्थळांसाठी काढून टाकली. ती गेल्याने कोणाचे काही अडले असे माझ्या कामात मला कोठे दिसले नाही. क्रोममध्ये ती अजून आहे, आणि तिच्यासाठी परवानगी विचारली जात नाही.

उलट काही बाबतींत संकेतस्थळ आपलीच कामे अडवते आणि वापरकर्त्याच्या हातात सहज सापडणारा खटका नसतो. बिल भरण्याच्या एका संकेतस्थळावर ग्राहक क्रमांकाच्या चौकटीत पेस्ट करणे बंद केलेले मी पाहिले आहे. जुन्या बिलाचा फोटो एका हातात धरून, चष्मा सावरत, एकेक आकडा टाईप करणाऱ्या आजोबांकडून चूक होण्याची शक्यता त्यामुळे वाढते. सुरक्षितता रतिभरही वाढत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येसुद्धा पासवर्ड टाकताना पेस्ट करू द्यावे असेच म्हटले आहे. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून उजवे क्लिक केले तर संकेतस्थळाने बंद केलेला मेनू उघडतो, आणि पेस्टवरचे बंधनही आतल्या प्रगत सेटिंग्जमधून सैल करता येते. पण ही वाट माहीत असणारे किती? कॉपी, पेस्ट आणि उजवे क्लिक ही माणसाच्या स्वतःच्या यंत्रावरची कामे आहेत. ती संकेतस्थळाला अडवता येऊ नयेत असा खटका सेटिंग्जच्या पहिल्या पानावर असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे ग्राहक याला हरकत घेतात आणि ती मला अवाजवी वाटत नाही. ते म्हणतात की नोटिफिकेशन ही चांगली सोय आहे, मग सगळ्यांनी ती बंद केली तर आमचे निरोप कसे पोहोचतील? एका देवस्थान समितीचे संकेतस्थळ करताना पान उघडताच परवानगी विचारावी असा आग्रह होता. मी तसे केले नाही. जत्रेच्या वेळापत्रकाखाली एक बटण ठेवले, ‘पालखीच्या वेळेत बदल झाल्यास मला कळवा’, आणि ते दाबल्यावरच ब्राउझर परवानगी विचारतो. ज्याला हवे तो दाबतो, आणि आपण कशाला हो म्हणतो आहोत हे त्याला ठाऊक असते. पावसाळ्यातल्या मुसळधार सरींत वेळ बदलली तर खोर्लीहून किंवा केपेहून निघायच्या आधी त्याला निरोप मिळतो. सोयीला माझा विरोध नाही. न मागता दारात येऊन उभे राहण्याला आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या एचटीएमएल रचनातत्त्वांतही, हितसंबंधांचा संघर्ष आला की वापरकर्त्याला संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या आधी मान द्यावा असे म्हटले आहे. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी हे तत्त्व पुढची प्रत्येक नवी शक्ती देताना पाळावे, एवढीच अपेक्षा आहे. आपण दिलेला नकार कायमचा धरला जावा, आणि होकार मात्र वापराविना पडून राहिला तर आपोआप मिटावा. क्रोममध्ये स्थान, कॅमेरा आणि मायक्रोफोनसाठी ‘फक्त या वेळी’ असा पर्याय आता मिळतो, आणि वडिलांना नकाशा वापरताना तोच निवडायला शिकवा.

कायद्याची बाजूही आपण लक्षात ठेवावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या वा भंडावणाऱ्या १३ रचनापद्धतींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत पुन्हा पुन्हा तगादा लावणे ही एक पद्धत आहे, आणि ‘नाही’ म्हणण्याचा पर्याय न देता नोटिफिकेशन सुरू करण्यास सतत सांगणे हे तिचे एक उदाहरण म्हणून दिलेले आहे. एखादे भारतीय विक्री संकेतस्थळ असे करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. शिवाय संमती मागताना द्यावयाची माहिती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे गोव्यात ती मराठीतही मिळाली पाहिजे आणि कोकणीतही.

तोवर आपण एक काम आजच करू शकता. वडिलांच्या क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’ या भागात जाऊन क्रोमची भाषा मराठी करा. मुख्य खटका बंद केल्यावर नोटिफिकेशनचा प्रश्न येणार नाही, पण स्थान, कॅमेरा आणि मायक्रोफोनचे प्रश्न येतच राहतील. ते निदान त्यांना वाचता येतील अशा भाषेत येतील, आणि उत्तर देण्यापूर्वी त्यांना ते नीट वाचून घेता येतील.