बंद गॅरेजमधल्या जुन्या फियाटला कव्हर कोणतं घालावं?

आजोबांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराच्या बंद गॅरेजमध्ये असते, महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघते आणि दुकानदार "जाड वॉटरप्रूफ घ्या, बारा महिने बघायला नको" म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. छप्पर गळत नसेल तर वॉटरप्रूफ कव्हर अजिबात घेऊ नका. आमच्या फियाटचं नुकसान त्यानंच झालं, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

वडिलांची गाडी मंगळवार पेठेतल्या घराच्या पडवीत असते. तीन बाजूंना भिंत, वर पत्रा. एका वर्षी जूनच्या सुरुवातीला मी ती धुतली आणि त्याच संध्याकाळी आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं चंदेरी कव्हर चढवलं. पुढे पावसानं उसंतच दिली नाही. गणपतीच्या आधी कव्हर काढलं तर आतून कुबट वास. स्टिअरिंगवर आणि सीटवर पांढरी बुरशी, टपावर मोहरीएवढे फोड, बंपरच्या क्रोमवर गंजाचे ठिपके. पावसाचा एक थेंबही गाडीवर पडला नव्हता. वडील काही बोलले नाहीत, नुसता टपावरून हात फिरवला. ते मला जास्त लागलं.

पाणी आलं कुठून? पावसाळ्यात शहाबादी फरशीला घाम सुटतो ना, तसाच गाडीच्या पत्र्यालाही सुटतो. चार दिवस झड लागते, पत्रा गार पडतो. मग उघडीप मिळते, दमट ऊबदार हवा आत शिरते आणि गार पत्र्यावर तिचं पाणी होतं. उघड्या गाडीवरचं हे पाणी दुपारपर्यंत उडून जातं. प्लॅस्टिकखाली ते अडकतं, रात्री परत पत्र्यावर बसतं, आणि हा खेळ रोज चालतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजायला लागतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक दिवस त्याहून बरीच वर असते. शिवाय मी धुतल्या दिवशीच कव्हर घातल्यानं दारांच्या खाचांत आणि डिकीच्या रबरामागे राहिलेलं पाणीही आतच कोंडलं.

म्हणून आतल्या गाडीच्या कव्हरनं पाणी अडवायचं नसतं. त्यानं धूळ अडवायची आणि वाफ बाहेर जाऊ द्यायची. धूळ आपल्याकडे कमी नाही. उद्यमनगरच्या बाजूला ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी असते, गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या पाचटाची काजळी घरात येते. जुन्या गाड्यांचा रंग मऊ असतो, त्यावर आजच्यासारखा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तुमचाही रंग तसलाच, जपायला हवा असा.

कापड दुकानातच तपासता येतं. तोंडाला लावून जोरात फुंका. हवा पलीकडे गेली पाहिजे. मग उजेडासमोर धरा. चाळणीसारखे ठिपके दिसले तर धूळ आत जाणार. आतली बाजू गालावर फिरवा. गालाला टोचलं तर रंगालाही टोचणार. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त चंदेरी कव्हरची तर चंदेरीच काही महिन्यांत भुकटी होऊन गाडीवर पडते.

माझी पसंती आतून लव असलेल्या सुती फलालीनला. एकच अडचण: सूत ओल धरतं. तुमच्या गॅरेजच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येत असेल तर सूत-पॉलिएस्टर मिश्र कापड घ्या, ते लवकर वाळतं. अंगाला चिकटून बसणारी ताणाची कव्हरं दिसतात छान, पण चढवताना ती रंगावरून ओढली जातात आणि पद्मिनीच्या आरशांना अडकतात. महिन्यातून एकदा काढ-घाल करणाऱ्यानं ती घेऊ नयेत असं मला वाटतं. फार ढगळही नको, वाऱ्यानं फडफडून ते रंग घासतं. खालच्या काठाला इलॅस्टिक हवंच.

प्लॅस्टिक वापरायचंच असेल तर ते गाडीखाली वापरा. जाड प्लॅस्टिकचा कागद फरशीवर अंथरून त्यावर गाडी उभी केली की जमिनीतून येणारी ओल बरीच अडते. आमच्या पडवीत सगळ्यात जास्त फरक यानंच पडला. पत्रा गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा. तोवर ताडपत्री दोरीवर गाडीच्या हातभर वर ताणा, गाडीवर टाकू नका.

धुतलेली गाडी चांगली फिरवून आणा, ब्रेक आणि खाचा वाळू द्या, इंजिन-सायलेन्सर निवू द्या, मग कव्हर. धुळकट गाडीवर कव्हर घालणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं. काढताना दोन्ही बाजू टपावर दुमडून आणा आणि मग पुढून मागे गुंडाळा, म्हणजे आतली बाजू फरशीला लागत नाही. पावसाळ्यात उघडीप दिसली की दार उघडून तासभर कव्हर बाजूला ठेवा. कव्हर धुवायचा माझा मुहूर्त खंडेनवमीच्या आधीचा: ऊन कडक असतं आणि पूजेला गाडी उघडायचीच असते. उंदरांपासून मात्र कोणतंही कव्हर वाचवत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बसवा आणि आठवड्याला एकदा बॉनेट उघडून वायरिंग बघा.

राजारामपुरी उंचावर आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाची गाडी पंचगंगा नदीकडच्या भागात असेल तर २०१९ आणि २०२१चा पूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की कव्हर काढा आणि गाडी उंच भागात हलवा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. त्यासाठी टायरमध्ये हवा कायम भरलेली ठेवा.

तयार कव्हर मापाचं मिळालं नाही तर शिवून घ्या, मीही तेच केलं. कापडासाठी इचलकरंजी जवळच आहे. ५८ इंच पन्ह्याचं कापड पद्मिनीला सोयीचं पडतं: एक पट्टा पुढच्या बंपरपासून टपावरून मागच्या बंपरपर्यंत आणि दोन बाजूंना दोन, मिळून पंधरा-सोळा मीटर. शिवण्याआधी कापड गरम पाण्यात धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटेल. शिवाय कोऱ्या कापडातल्या खळीवर बुरशी लवकर धरते. शिवायला रिक्षाचं हूड शिवणारा कारागीर घरी बोलवा, त्यांना गाडीच्या गोलाईचा अंदाज असतो. चेन, धातूची बटणं काही नको, आणि शिवणीच्या कडा बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. आधी जुन्या चादरी जोडून नमुना करू द्या, आरशांच्या जागा खडूनं आखून घ्या आणि मगच नवीन कापडाला कात्री लावू द्या.