आधी व्हीपीएन, मग फोल्डर

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरून विभागाचं शेअर्ड फोल्डर उघडत नाही, असं तुम्ही विचारलंय. अशी फोल्डरं बहुतेक एसएमबी या नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीनं, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरच्या एका दारातून) चालतात आणि ते पोर्ट बाहेरून बंद ठेवतात. ठेवायलाच हवं, २०१७ साली वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेनं पसरला. तेव्हा संगणक केंद्राकडून व्हीपीएनचं, म्हणजे घरून आतल्या नेटवर्कात सुरक्षितपणे शिरायच्या वाटेचं, खातं मागून घ्या. ते जोडलं की विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकत्र दाबून सर्व्हरचा पूर्ण पत्ता टाका, छोट्या नावानं घरून बरेचदा सापडत नाही. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के. आणि फाइल तिथल्या तिथे उघडून काम करू नका हो, आधी उतरवून घ्या. मध्येच नेट गेलं आणि माझ्या प्रबंधाची अख्खी दुपार वाया गेली.