टक्के नकोत, चिंचोके आणा

प्रश्न : आमच्या गावच्या मराठी साहित्य संमेलनात ग्रंथदिंडी, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन असतं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं संशोधनही लोकांपुढे यावं म्हणून मागे भाषण ठेवलं, तर निम्मा मांडव उठला. यंदा काय करावं?
– एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : भाषण ठेवूच नका. ब्रिटनमध्ये 2003 पासून सामाजिक शास्त्रांचा महोत्सव भरतो. तिथे संशोधक विद्यापीठाबाहेर पडून प्रदर्शनं, चर्चा, कार्यशाळा घेतात. तुम्हाला मांडवाच्या कडेला तीन टेबलं पुरेत. एका टेबलावर एकच अभ्यास, समोर पंधरा माणसं, वेळ पंधरा मिनिटं. मग गट पुढच्या टेबलाकडे. पाऊण तासात सगळं आटोपतं. सत्कार मात्र शेवटी घ्या. आधी घेतलेत तर हा पाऊण तास हारतुऱ्यांतच जातो.

टक्के सांगितले की लोक जांभया देतात. त्याऐवजी 100 चिंचोके आणि दोन ताटल्या ठेवा. विचारा, ‘आपल्या जिल्ह्यात शंभर बायकांमागे साक्षर किती?’ लोकांना चिंचोके वाटून ठेवू द्या, वाद घालू द्या. मग 2011 च्या जनगणनेचा आकडा उघडा : सुमारे 65. हा हिशेब सात वर्षांवरच्यांचाच असतो आणि आकडा जुना आहे, हे तिथेच सांगा. नाहीतर कुणीतरी विचारणारच, आणि विद्यार्थी गडबडतो.

पाट्या मराठी-कन्नड दोन्हींत हव्यात, कारण शेजारची कन्नड घरंही येतात. प्रत्येक टेबलाशी दोन्ही भाषा बोलणारं एक पोर उभं करा. अभ्यास ऊसतोड मजुरांवर असेल तर दिवसा ते फडात असतात. तो भाग संध्याकाळी सातनंतर घ्या. ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो, हे धरून चाला.

सर्वांत जास्त चुकतं ते नावांबाबत. नाव गाळलं तरी ‘दोन एकरवाली विधवा, मुलगा गोव्यात’ एवढ्यावर गाव तिला ओळखतं. म्हणून दोन-तीन गावांची माहिती एकत्र करा, पाचांहून कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका. ज्यांची माहिती घेतली त्यांना तक्ते आधी दाखवा. ते ‘हे काढा’ म्हणाले तर काढायचं, वाद नको.

लोकांचे प्रश्न लिहायला प्रत्येक टेबलावर एक वही ठेवा. पेन दोऱ्याने बांधा.