फोन शेवटी कुणीतरी लावतंच

गेल्या अंकात मी ओझरतं लिहून गेले की ‘फॅक्स आता इंटरनेटवरूनही जातो’. त्या एका वाक्याने माझी चांगलीच खोड मोडली. पत्रांवर पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच : मग आमचा का जात नाही? वाक्य अर्धवट होतं हे कबूल. फॅक्स इंटरनेटवरून जातो तो वाटेतल्या एका टप्प्यापुरता. पलीकडे फॅक्स मशीन असेल, तर त्या मशीनला कुणीतरी फोन लावावाच लागतो. तो कोण लावतं आणि कुठून लावतं, यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. हे एकदा डोक्यात ठेवलं की खालची उत्तरं सोपी वाटतील.

ताई, आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. कार्यालयातली तांब्याची लाइन काढून फायबर घेतलं आणि जुनं फॅक्स मशीन फायबरच्या डब्यालाच जोडलं. एक-दोन पानं जातात. पण मालाची आठ-दहा पानी यादी पाठवली की चौथ्या-पाचव्या पानावर तुटते. फोनवर आवाज तर स्वच्छ येतो! बिघाड मशीनमध्ये आहे की लाइनमध्ये?

मशीन बिचारं ठणठणीत असणार. लाइनही ठीक असेल. दोघांचं एकमेकांशी पटत नाहीये.

फॅक्स मशीन कागदाचा आवाज करतं. तो चिरका, कानठळ्या बसवणारा आवाज म्हणजे तुमची यादीच. तांब्याच्या तारेवरून तो सलग जायचा. आता तुमचा डबा त्याचे तुकडे करतो, साधारण २० मिलिसेकंदांचा एक, आणि ते तुकडे इंटरनेटवरून पाठवतो. बोलताना एखादा तुकडा हरवला तर कान आपोआप सांभाळून घेतो, आपल्याला कळतही नाही. पण मशीन सेकंदाला १४,४०० बिट या वेगाने बोलत असेल, तर एका हरवलेल्या तुकड्यात २८८ बिट जातात. मशीनला सांभाळून घेणं ठाऊक नाही.

मग पहिली दोन पानं कशी जातात? तुमच्या डब्यातलं घड्याळ आणि पलीकडच्या यंत्रातलं घड्याळ अगदी एका ठेक्यात चालत नाहीत. फरक अतिसूक्ष्म असतो, पण साठत जातो. डब्यात येणारा आवाज जिथे थोडा वेळ साठवतात ती जागा हळूहळू भरत किंवा रिकामी होत जाते आणि एका क्षणी एखादा तुकडा गाळावा लागतो किंवा दोनदा घालावा लागतो. छोटा फॅक्स तोवर आटोपलेला असतो, लांबलचक यादी नेमकी त्यात सापडते. तुमच्या चौथ्या-पाचव्या पानाचं हे एक नेहमीचं कारण आहे.

आता उपाय. सेवा देणाऱ्या कंपनीला आधी एवढंच विचारा : टी.३८ चालतं का? हे १९९८ सालचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. यात तुमचा डबा स्वतःच फॅक्सची भाषा ओळखतो, आवाजातून मजकुराचे बिट काढून घेतो आणि तेवढेच पाठवतो. पलीकडचं यंत्र त्यांचा पुन्हा आवाज करून फोनवर सोडतं. शिवाय प्रत्येक तुकड्यासोबत आधीच्या तुकड्यांची नक्कल जोडता येते, म्हणजे एखादा हरवला तरी काम अडत नाही. डब्यात ही सोय असावी लागते आणि कंपनीकडेही असावी लागते. बऱ्याच डब्यांत ती असते, फक्त बंद ठेवलेली असते. तेवढी चालू करून घ्या.

कंपनीने नाही म्हटलं, तर आवाजासाठी जी.७११ हीच पद्धत पक्की करायला सांगा. जी.७२९ सारख्या पद्धती आवाज सेकंदाला ६४ किलोबिटवरून ८ वर दाबतात. त्या माणसाच्या गळ्यासाठी बनवल्या आहेत, फॅक्सचा आवाज त्यांत ओळखू येईनासा होतो. ‘शांततेत काही पाठवू नका’ अशी जी सेटिंग असते तीही बंद करा. आणि मशीनचा वेग ९,६०० वर आणा. हळू चालेल, पण पोचेल.

एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, तो मला पटत नाही : ईसीएम बंद करा. ईसीएम म्हणजे चुकलेला भाग पुन्हा मागून घेण्याची सोय. ती बंद केली की फॅक्स क्वचितच तुटतो हे खरं. पण चुकलेल्या ओळी तशाच छापल्या जातात. मालाच्या यादीत ८ चा ३ झालेला तुम्हाला चालेल का? त्यापेक्षा तुटलेला बरा, निदान तुटला हे कळतं.

आम्हाला मशीनच नको. विमा दाव्यांचं काम आहे, रोज तीस-चाळीस फॅक्स येतात-जातात. ईमेलवरून चालतं म्हणतात, ते कसं? जुना नंबर राहील का?

अशा सेवेत फोन लावायचं काम तुम्ही दुसऱ्याच्या गळ्यात घालता, आणि तुमच्यासारख्यांनी ते खुशाल घालावं. तुम्ही ईमेलला पीडीएफ जोडता आणि पत्त्यात समोरचा फॅक्स नंबर घालता, किंवा त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन फाइल चढवता. सेवा देणारे तिचं काळं-पांढरं चित्र करतात, आपल्या यंत्रांवरून समोरच्या नंबरला फोन लावतात, लाइन व्यग्र असेल तर पुन्हा लावतात आणि निकाल तुम्हाला मेलने कळवतात. येणारा फॅक्स याच वाटेने उलटा येतो : तुमच्या नंबरवर आलेला फोन त्यांचं यंत्र उचलतं आणि तुमच्या पेटीत पीडीएफ पडते. जुना नंबर काही ठिकाणी हलवता येतो. मात्र तो हलून नवीन जागी चालू झाला हे स्वतः फॅक्स मागवून बघा, मगच जुनी लाइन बंद करा. आधी लाइन बंद केलीत तर नंबरही गेला असं समजा.

लोक पीडीएफ पाठवताना विसरतात ते हे, की पलीकडे रंग नाही आणि करडाही नाही. एका ओळीत १,७२८ ठिपके, प्रत्येक एकतर काळा नाहीतर पांढरा. साध्या दर्जात उभ्या इंचाला ९८ ओळी, ‘फाइन’मध्ये १९६. दाव्यांच्या अर्जांवरचा बारीक मजकूर साध्या दर्जात वाचायचा म्हणजे डोळ्यांचे हाल, तेव्हा नेहमी फाइनच निवडा.

आणि करडी पार्श्वभूमी टाळा. यावर माझं स्वतःचं पाप आहे. मी फॅक्सच्या खोलीत नवीन होते तेव्हा साहेबांना खूश करायला अर्जाचं शीर्षक करड्या पट्टीत सुबक बसवलं. फॅक्स पानाला आकुंचित करतो तो ‘इतके पांढरे, मग इतके काळे’ असं मोजून. करड्याचं मात्र त्याला काळे-पांढरे ठिपके आलटून पालटून करावे लागतात, मग मोजायला सलग काही उरतच नाही. माझ्या सुबक पट्टीने प्रत्येक पानाचा वेळ कितीतरी पट वाढवला. ट्रंक कॉलचं बिल आलं तेव्हा साहेब काही खूश नव्हते.

तुमच्याकडे रोज शेकड्यांनी फॅक्स असते, तर मी स्वतःचा फॅक्स सर्व्हर, म्हणजे फॅक्सचंच काम करणारा संगणक, ठेवायला सांगितलं असतं. हायलाफॅक्स नावाची खुली प्रणाली त्यासाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. तीस-चाळीससाठी तो नसता व्याप करू नका.

मशीनच्या कागदावर ‘ओके’ छापून आलं, तरी ग्राहक म्हणतो फॅक्स मिळालाच नाही. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. प्रत्येक पानानंतर पलीकडचं यंत्र ‘पान घेतलं’ अशी खूण पाठवतं, तिचाच हा ‘ओके’. यंत्राने पान घेतलं, इतकाच त्याचा अर्थ. ते छापलं का, ट्रेमधून कुणी उचललं का, त्याचा पत्ता त्याला नाही. कागद संपला असेल तर पान मेमरीत पडून राहतं. समोरच्याने ऑनलाइन सेवा घेतली असेल तर ‘ओके’ त्या सेवेच्या यंत्राचा असतो, आणि तिथून निघालेली मेल स्पॅममध्ये विसावलेली असू शकते.

आमच्या खोलीतला एक सहकारी अकरा पानांचा करार उलट्या बाजूने मशीनमध्ये घालून मोकळा झाला. पलीकडे अकरा कोरी पानं पोचली, इकडे ‘ओके’ची पावती आली, आणि दोन्ही कार्यालयांनी एकमेकांना दोन दिवस खोटारडे ठरवलं. कोरं पान सरसर जातं. अकरा पानं इतक्या झटपट गेली तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती. महत्त्वाच्या कागदासाठी पहिल्या पानाचं छोटं चित्र छापणारी पावती चालू ठेवा. आणि ग्राहकाला फोन करा, सरळ उपाय तोच.

आमचा दवाखाना आहे. रुग्णांचे अहवाल ऑनलाइन फॅक्सने पाठवणं सुरक्षित आहे का? काही डॉक्टर म्हणतात, साधा फॅक्स जास्त सुरक्षित.

साध्या फॅक्सला सुरक्षित म्हणणाऱ्यांनी कधी दुपारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमधला ट्रे पाहिलेला नसावा. फोनच्या लाइनवरून जाणाऱ्या फॅक्सला कसलंही कुलूप नसतं, आणि नंबरचा एक आकडा चुकला की अहवाल परक्याच्या हातात. फॅक्स जोडलेल्या छपाई यंत्रांना तर वेगळाच धोका आहे : २०१८ साली चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की निव्वळ फॅक्स नंबर माहीत असेल तर एक खास बनवलेला फॅक्स पाठवून एचपीच्या सर्वउद्देशीय यंत्राचा ताबा घेता येतो आणि तिथून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरता येतं. एचपीने ती भोकं बुजवली. पण यंत्रातली प्रणाली वर्षानुवर्षं अद्ययावत न करणारी कार्यालयं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

ऑनलाइन सेवेत वाट दोन टप्प्यांची असते, म्हणून चौकशीही दोनदा करा. फोनचा टप्पा तसाच उघडा राहणार, त्याला इलाज नाही. तुमच्यापासून सेवेपर्यंतचा टप्पा मात्र तुमच्या हातात आहे. अहवाल ईमेलला जोडून मागवू नका. मेलमध्ये फक्त ‘फॅक्स आला आहे’ इतकी सूचना येऊ द्या, आणि फाइल पासवर्ड देऊन त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवा. त्यांच्याकडे प्रती किती दिवस राहतात आणि तुम्ही पुसल्या तर खरंच पुसल्या जातात का, हे लेखी घ्या. सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून एकच पासवर्ड असेल, तर तो आजच बदला. नेहमीच्या डॉक्टरांचे नंबर यादीत जतन करून ठेवा, दर वेळी हाताने टाइप करू नका.

माझ्या मुलीचं म्हणणं, फॅक्स ही टेलिफोननंतरची गोष्ट. खरं का?

पैज लावली असेल तर तुम्ही जिंकलात. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश कारागिराने १८४३ साली फॅक्सचं पेटंट घेतलं. बेलच्या टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. मधल्या काळात, १८६५ पासून, पॅरिस ते लिऑन तारेवरून चित्रं पाठवण्याची सेवासुद्धा चालली. इंटरनेटशी लग्नही वाटतं तितकं नवीन नाही : १९९३ मध्ये कार्ल मालामुड आणि मार्शल रोझ यांनी ईमेलवरून फॅक्स पोचवण्याचा प्रयोग मांडला होता. तिथेही अखेरचा फोन मशीनच्या जवळ राहणारं कुणीतरी लावत असे.

ऑनलाइन सेवा घेतली. जुनं मशीन भंगारात देऊ ना?

द्या, पण आधी उघडा. साध्या कागदावर छापणाऱ्या कित्येक मशीनमध्ये काळ्या फिल्मचं रीळ असतं. वापरून झालेला भाग उलगडून उजेडाला धरा. आलेलं प्रत्येक पान त्यावर अक्षरन् अक्षर वाचता येतं, कारण शाई जिथून कागदावर गेली तिथे फिल्म पारदर्शक झालेली असते. ते रीळ काढून कापून टाका. नंतर मेनूतून मेमरी आणि साठवलेले नंबर पुसा, आणि मगच भंगारवाल्याला बोलवा.