भीतीचं मूळ शोधायचं की लोकलमध्ये चढायचं?

चिंतेच्या आजारावरच्या उपचारांबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली आणि एकच पेच त्यांत वेगवेगळ्या तोंडांनी मांडलेला दिसला. मनोविश्लेषणाच्या वाटेने जावं की वर्तनोपचाराच्या? पहिली वाट भीतीमागचा भावनांचा आणि नात्यांचा गुंता उलगडते. दुसरी, ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जायला लावते. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, डोंबिवलीला राहते. दीड वर्षापूर्वी लोकलमध्ये ठाणे-मुलुंडच्या दरम्यान अचानक छाती धडधडायला लागली, श्वास अडकला, वाटलं आता संपलंच. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. तेव्हापासून लोकल बंद. माझ्या थेरपिस्ट आईबद्दल, लहानपणाबद्दल बोलतात. मोकळं वाटतं, पण लोकलमध्ये पाय ठेवलेला नाही. मैत्रीण म्हणते वर्तनोपचार घे. थेरपिस्ट म्हणतात, मुळाला हात न घालता लक्षण घालवलं तर ते दुसरीकडून डोकं वर काढेल. कोणाचं ऐकू?

बोलणं सोडू नका आणि लोकलची तयारी याच आठवड्यात सुरू करा. यात विरोध नाही. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड यानेच १९१८ साली बुडापेस्टच्या परिषदेत हे सांगितलं होतं. रस्त्यावर एकट्याने जायला घाबरणारा रुग्ण विश्लेषणाने भीती आपोआप सुटेल म्हणून वाट बघत बसला, तर उपचार पुढे सरकत नाही. त्याला रस्त्यावर जायला, भीतीशी झुंजायला प्रवृत्त करावं लागतं आणि त्यानंतरच उपयोगाच्या आठवणी वर येतात, असं त्याचं म्हणणं होतं. हे भाषण अनेक विश्लेषकांच्याही विस्मरणात गेलेलं दिसतं, याचं मला वाईट वाटतं.

लक्षण दुसरीकडून उगवेल ही भीती जुनी आहे. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञाने भीतीवरच्या वर्तनोपचाराचं पुस्तक १९५८ साली लिहिलं. तेव्हापासून असंख्य रुग्ण या पद्धतीने बरे झाले आणि नवं लक्षण उगवणं हा काही नियम ठरला नाही. उलट अनेकांचं बाकीचं आयुष्यही सुधारतं, कारण माणूस घराबाहेर पडू लागतो.

तुमची भीती टिकली कशामुळे ते बघा. प्लॅटफॉर्मवर गेलात, धडधड सुरू झाली, मागे फिरलात आणि दोन मिनिटांत हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यातून मेंदू शिकला की लोकल खरंच धोक्याची होती, बरं झालं टळली. दर वेळी हा धडा पक्का होत गेला. तो पुसायला अनुभवच लागतो.

थेरपिस्टबरोबर बसून पायऱ्या लिहा. प्लॅटफॉर्मवर अर्धा तास नुसतं बसणं. मग दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन. मग दिवा, मग ठाणे, आणि शेवटी गर्दीची वेळ. प्रत्येक फेरीआधी वहीत एक ओळ लिहा, ‘मला वाटतं की काय होईल?’ परत आल्यावर काय झालं ते लिहा. दाराजवळच उभं राहायचं, पर्समधली गोळी चाचपायची, नवऱ्याला फोन लावून ठेवायचा, हे आधार हळूहळू सोडा. नाहीतर मन म्हणत राहील की वाचलो ते गोळीमुळे. हृदयाची तपासणी नॉर्मल आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारून घरीच दोन मिनिटं जागेवर धावून बघा. तीच धडधड, तोच धाप लागलेला श्वास, आणि तरी काही होत नाही, हे शरीराला कळायला हवं.

आता तुमच्या थेरपिस्टच्या कामाचं. पहिला अटॅक आला त्या आठवड्यात घरी काय चाललं होतं? कुठे निघाला होतात? पॅनिकवरच्या मनोविश्लेषणात्मक उपचारात हेच बारकाईने पाहतात. अमेरिकेत बार्बरा मिलरॉड यांच्या गटाने २००७ साली अशा २४ सेशन्सच्या उपचाराची तुलना शिथिलीकरणाच्या, म्हणजे शरीर सैल सोडायला शिकवणाऱ्या, उपचाराशी केली. पहिल्या गटातल्या ७३ टक्के आणि दुसऱ्यातल्या ३९ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. रुग्ण ४९च होते, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दोन्ही वाटांची गाठ पायऱ्या चढताना पडते. अशाच एक रुग्ण बाई एकट्याने दिव्यापर्यंत जायला लागल्या आणि ठाण्याला अडल्या. ‘ठाण्याला काय होईल?’ या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘तिथून पुढे आईला मी लागणारच नाही.’ हे वाक्य खोलीत बसून सहा महिने बोलून आलं नसतं. ते आलं, त्यावर दोन सेशन्स आई या विषयावर गेली, आणि मग ठाणं पार झालं.

प्रश्न : मी ४२ वर्षांचा, नाशिकला असतो. मीटिंगमध्ये बोलायची भीती वर्तनोपचाराने गेली. पण मोठ्या भावाचा फोन आला की दोन दिवस पोटात गोळा असतो, झोप लागत नाही. जमिनीच्या वाटणीचा विषय आहे. मला राग येतच नाही, मी शांत स्वभावाचा माणूस आहे. मग ही चिंता कशाची?

‘मला राग येतच नाही’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

माणूस लोकलला, लिफ्टला, कुत्र्याला घाबरतो तसाच स्वतःच्या भावनेलाही घाबरतो. रागाची, रडू येण्याची, जवळीक हवीशी वाटण्याची भीती. फ्रॉइडने १९२६ साली चिंतेला इशारा म्हटलं : आत काहीतरी वर येऊ पाहतंय, सावध हो. पुढे अमेरिकेतल्या ली मॅकल्लो यांनी हा विचार थेट वर्तनोपचाराशी जोडला. भावनेचाच फोबिया झाला असेल तर भावनेलाच पायरीपायरीने सामोरं जायचं. या दोन परंपरांचा मला माहीत असलेला हा सर्वांत उपयोगी सांधा आहे.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. समोरचा माणूस सांगतो, ‘दादा म्हणाला, तू काय, बाहेरगावी असतोस, सही करून टाक.’ हे सांगताना तो हसतो आणि त्याच वेळी त्याची उजवी मूठ गुडघ्यावर आवळलेली असते. मी विचारते, ‘हात काय म्हणतोय?’ तो हात पाहतो आणि मूठ सोडतो. मी म्हणते, पुन्हा आवळा, आणि अर्धा मिनिट तशीच ठेवा. मान तापते, श्वास भरभर होतो, मग डोळ्यांत पाणी येतं. ‘मला दादाचा राग आला होता’ हे वाक्य पहिल्यांदा कुजबुजल्यासारखं निघतं. पाचव्यांदा ते साध्या आवाजात येतं. तोवर छत कोसळलेलं नसतं, दादाचंही काही बिघडलेलं नसतं. लोकलमध्ये शरीर जे शिकतं तेच इथे मन शिकतं.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही. न्यूयॉर्कचे पॉल वॉचटेल यांनी १९७७ साली मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार एकत्र आणणारं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा तुमच्या घरात जसाच्या तसा लागू होतो. लहानपणी रागावलात तर घरात प्रेम आटायचं, म्हणून तुम्ही गोड झालात. गोड माणसाला सगळे गृहीत धरतात. गृहीत धरल्याने राग साठतो. साठलेल्या रागाची भीती वाटते, म्हणून माणूस आणखी गोड होतो. म्हणजे जुनी जखम चाळीस वर्षांपूर्वीची असली तरी तिला रोजचं खतपाणी आजच्या वागण्यातून मिळतं. म्हणून आजचं वागणं बदलणं हे मुळावरचंच काम आहे.

तेव्हा पुढच्या फोनसाठी एकच वाक्य ठरवा : ‘दादा, मी कागद वाचून रविवारी सांगतो.’ थेरपिस्टसमोर ते मोठ्याने म्हणून बघा, दहा वेळा. मग फोनवर म्हणा. त्यानंतर झोप कशी लागली आणि काय आठवलं, ते पुढच्या सेशनला न्या. आणि राग ओळखणं म्हणजे भावाशी भांडण काढणं नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी २० वर्षांची, कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे. लोकांशी बोलायची भीती वाटते. मॅडम होमवर्क देतात : अनोळखी दुकानदाराला दोन प्रश्न विचार, वर्गात शंका विचार. मी ‘हो’ म्हणते, करत नाही, आणि पुढच्या वेळी ‘केलं’ असं खोटं सांगते. आता तिकडे जायचीच लाज वाटते. थेरपी सोडू का?

सोडू नकोस. तू आळशी नाहीस आणि लबाडही नाहीस. समोरचं मोठं माणूस नाराज होईल ही भीती घेऊन तू मॅडमकडे गेलीस, आणि ती भीती त्यांच्याही खोलीत तुझ्याबरोबर आली. वर्तनोपचारवाले याला होमवर्क न करणं म्हणतील आणि मनोविश्लेषणवाले ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या नात्यातल्या भावना थेरपिस्टवर येणं. तुझ्या बाबतीत ही एकच गोष्ट आहे.

दुकानदार राहू दे. तुझा पुढचा होमवर्क मॅडमच्या खोलीतच आहे : ‘मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.’ बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून दे. त्याआधी स्वतःपुरतं लिहून ठेव की त्या काय करतील असं तुला वाटतं. ओरडतील? आईबाबांना फोन करतील? मग प्रत्यक्षात काय झालं ते बघ. चांगला थेरपिस्ट यावर रागावत नाही, कारण कामाला हात घालायची जागा त्याला इथेच सापडते. आणि होमवर्क जड वाटला तर ‘हा मला जमणार नाही, लहान द्या’ हे म्हणणं हासुद्धा होमवर्कच.

प्रश्न : माझं बालपण सुखाचं गेलं. मारहाण नाही, गरिबी नाही. तरी सतत काळजी वाटते. मग माझ्यात शोधायला मूळ तरी काय आहे?

कदाचित काहीच नाही. काळजीचा स्वभाव काही अंशी रक्तातून येतो. जिथे थेरपिस्ट आघात सापडेपर्यंत उकरत राहतो, तिथून उठून यावं. मात्र प्रेमळ घरातही ‘काळजी करणं म्हणजेच माया’ हे मूल शिकतं. तुम्ही काळजी करायची थांबलात तर आपण निष्ठुर होऊ असं वाटतं का, एवढं स्वतःला विचारा. ‘हो’ असेल तर बोलायला विषय आहे. नसेल तर वर्तनोपचार पुरे.

प्रश्न : संशोधन काय सांगतं? कोणती पद्धत सरस? आणि आमच्यासारख्यांनी दोन्ही येणारा थेरपिस्ट शोधायचा कसा? मुलगा गोळ्याही घेतो. (निवृत्त शिक्षक, सातारा)

जर्मनीत फाल्क लाइकसेनरिंग यांच्या गटाने लोकांमध्ये मिसळण्याची भीती असलेल्या ४९५ जणांवर मोठा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. विचार-वर्तन उपचाराने (सीबीटी, म्हणजे वर्तनोपचाराला विचारांवरच्या कामाची जोड) ६० टक्क्यांना गुण आला, मनोविश्लेषणात्मक उपचाराने ५२ टक्क्यांना, आणि नुसतं प्रतीक्षा यादीत असलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. उपचार संपताना पहिली पद्धत थोडी पुढे होती. दोन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गट सारखेच, सुमारे ७० टक्क्यांवर. हा अभ्यास दोन पद्धतींच्या तुलनेचा होता, मिलाफाचा नव्हे. मिलाफावरचं संशोधन त्या मानाने थोडं आहे. माझं मत रुग्णांबरोबरच्या कामातून बनलं आहे : ठरावीक वस्तूची किंवा जागेची भीती असेल तर आधी वर्तनोपचार घ्यावा. भीती बरी होऊन नात्यांच्या वळणावर परत येत असेल, तर दोन्ही लागतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारायला संकोच करू नका. मग दोन प्रश्न विचारा. ‘माझा मुलगा जे टाळतो ते करायला तुम्ही त्याला कशी मदत कराल?’ आणि ‘तो अडला तर का अडला हे कसं शोधाल?’ ज्याच्याकडे दोन्हींची साधी, समजेल अशी उत्तरं आहेत, त्याच्याकडे जा. पाटीवर कोणत्या पद्धतीचं नाव आहे याला फार महत्त्व देऊ नका.

गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, हे मुलाला निक्षून सांगा. चिंतेवरच्या रोजच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, आणि त्या थेरपीच्या आड येत नाहीत. झटपट शांत करणारी गोळी दर प्रसंगाआधी घेत असेल, तर ते मानसोपचारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट दोघांनाही कळू द्या, कारण मग यशाचं श्रेय गोळीला जातं आणि धाडस शिकायचं राहून जातं. जवळपास कोणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं मुलगा बोलत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी त्याला घेऊन रुग्णालयात जा.