नवजात अतिदक्षता विभागातील सिरिंज पंप कितपत विश्वासार्ह असतो?
लातूरच्या रुग्णालयात काचेच्या पेटीत असलेल्या आपल्या बाळाच्या सिरिंज पंपाचा (सिरिंजमधील औषध ठरलेल्या गतीने नळीतून बाळाला देणाऱ्या यंत्राचा) अलार्म वारंवार वाजतो, म्हणजे यंत्र सदोष आहे का, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा तसे नसते. नळीला पीळ पडणे, सुईच्या जागी सूज येणे किंवा सिरिंज संपत येणे ही नेहमीची कारणे असतात. अलार्म स्वतः बंद न करता परिचारिकेला बोलवावे.

मला खरी काळजी वाटते ती वेळेवर न वाजणाऱ्या अलार्मची. एक किलोच्या बाळाला औषध ताशी ०.५ मिलिलिटर इतक्या संथ गतीनेही दिले जाते, आणि ५० मिलिलिटरच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या व नळी दाबाखाली किंचित दबत-फुगत असल्याने अडथळा आल्यावर अलार्म वाजायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू शकतो. रक्तदाब टिकवून ठेवणाऱ्या डोपामिनसारख्या औषधाचा परिणाम मात्र काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून शक्य तेथे लहान सिरिंज वापरतात. अडथळा काढताना साठलेला दाब आधी बाळापासून दूर मोकळा करावा लागतो, अन्यथा औषध एकदम आत जाते. पंप अचानक वर-खाली हलवल्यानेही मात्रा बदलते.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा पंपाची बॅटरी किती वेळ टिकते, हेही अवश्य विचारावे.